संध्याकाळी सात वाजता कोण? नागपुरात दारू सोडताना आधार उभा करण्याची रीत

पिणाऱ्या माणसाला घरचे, साहेब, शेजारी सगळे एकच विचारतात, “कधी सोडणार?” माझ्याकडे कुणी आलं की मी आधी विचारतो, “संध्याकाळी सात वाजता तुझ्यासोबत कोण असतं?” बहुतेक जण गप्प होतात. मीही झालो होतो. बुटीबोरीच्या कारखान्यातून सुटलो की कंपनीची बस मला मानेवाडा भागातल्या चौकात सोडायची. पावणेसात व्हायचे. तिथून घर दहा मिनिटांवर. मधे दोन दुकानं आणि एक बार. ती दहा मिनिटं मला बारा वर्षं पार करता आली नाहीत. आईची शपथ घेतली, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, ताजबागेत जाऊन मन्नत मागितली. शपथ सकाळी घेतलेली असायची आणि सात संध्याकाळी वाजायचे.

आज दारूला हात न लावता दहा वर्षं झाली. त्या दहा मिनिटांची सोय लावली, म्हणून झाली. सोय कशी लावायची, कुणाला काय विचारायचं, कुठे जायचं, कशापासून जपायचं, हे जसं मला शिकावं लागलं त्याच क्रमाने लिहितो आहे. लेख मुख्यतः दारूबद्दल आहे. खर्ऱ्याबद्दल, म्हणजे सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेल्या पुडीबद्दल, वेगळं लिहिलं आहे, कारण आपल्याकडे दारू सुटते आणि खर्रा दुप्पट होतो.

आधी डॉक्टर, मग तारीख

सगळ्यात मोठी चूक मी इथे केली, म्हणून इथे जास्त थांबतो.

मे महिना होता. नागपूरचा मे, पारा पंचेचाळीसच्या वर. मी रविवारी रात्री शेवटची घेतली आणि सोमवारपासून बंद, असं ठरवून कूलरसमोर पडून राहिलो. सोमवारी दुपारपर्यंत हात इतके थरथरत होते की पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी धरावा लागला. घाम, उलटी, झोप नाही. घरच्यांना वाटलं, ऊन लागलं. कांद्याचा रस चोळला, पन्हं दिलं. मंगळवारी सकाळी दात घासताना मला झटका आला आणि मी मोरीत पडलो. लहान भावाने ऑटोत घालून दवाखान्यात नेलं.

हे टाळता आलं असतं. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या दाबाखाली काम करायला सरावलेला असतो. दाब एकदम काढला की तो उसळतो. शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत थरथर, घाम, मळमळ, धडधड सुरू होते. झटका यायचा तर बहुधा पहिल्या ४८ तासांत येतो. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, माणसं दिसतात, दिवस-रात्र कळत नाही, ताप चढतो. हा भ्रम जिवावर बेतू शकतो. घरचे म्हणतात, “बाहेरचं लागलं”, आणि मांत्रिकाकडे नेतात. त्यात गेलेले तास परत मिळत नाहीत.

म्हणून सोडायची तारीख डॉक्टरला विचारून ठरवा. विशेषतः रोज पीत असाल, सकाळी उठल्यावर एक घेतल्याशिवाय हात थांबत नसतील, आधी कधी झटका आला असेल, वय झालं असेल, साखर किंवा लिव्हरचा त्रास असेल, तर घरात बसून सोडू नका. डॉक्टर आठ-दहा दिवसांच्या कमी कमी होत जाणाऱ्या गोळ्यांवर तुम्हाला या घाटातून उतरवतात. काहींना भरती करावं लागतं, बरेच जण घरूनच गोळ्या घेऊन उतरतात. या गोळ्या दुसऱ्याच्या चिठ्ठीवर किंवा मेडिकल स्टोअरवाल्याच्या ओळखीने आणून घेऊ नका. त्यांचीही सवय लागते, आणि वरून दारू गेली तर श्वास मंदावतो.

आणखी एक बारीक गोष्ट, जी गल्लीतल्या दवाखान्यात हमखास राहून जाते. अशक्तपणा आला म्हणून सलाईन लावायला गेलात, तर पहिलं वाक्य हे बोला: “हे रोज पितात.” दारूने थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, अंगातून संपलेलं असतं. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होण्याचा धोका असतो. लाजेपायी हे लपवू नका.

भ्रम, झटका, रक्ताची उलटी, शुद्ध हरपणं, यातलं काहीही दिसलं की १०८ ला फोन. सकाळ होण्याची वाट पाहायची नाही.

नागपुरात जायचं कुठे

मेडिकल आणि मेयो, दोन्ही सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे. मिहानमधल्या एम्सलाही आहे. सकाळी लवकर जा, चिठ्ठी काढताना “मानसोपचार” म्हणा. व्यसनाचे पेशंट त्याच विभागात पाहतात. सोबत एक माणूस न्या, कारण रांगेत उभं राहिल्यावर पहिला विचार पळून जायचा येतो. माझ्यासोबत माझी बायको होती आणि तिने माझं आधार कार्ड स्वतःच्या पर्समध्ये ठेवलं होतं.

चौथी जागा म्हणजे प्रादेशिक मनोरुग्णालय. १८६४ सालचं हे रुग्णालय मानकापूरकडे जाताना लागतं, आणि त्याच्यामुळे चौकाचंच नाव पागलखाना चौक पडलं आहे. या नावाने कितीतरी घरांचं नुकसान केलं असेल. ऑटोवाल्याला ते नाव सांगायचं म्हणजे आपण वेडे ठरलो, असं वाटतं. मी स्वतः दोन महिने त्या चौकाच्या नावाला अडलो होतो. ज्यांना अडल्यासारखं होत असेल त्यांनी मेडिकल-मेयोला जावं, पण नावामुळे उपचार पुढे ढकलू नये.

डॉक्टरसमोर खरं प्रमाण सांगा. “थोडीशी, कधीमधी” ऐकून ते गोळ्यांचा अंदाज कसा बांधतील? एक क्वार्टर की दोन, देशी की मोहाची, सकाळी लागते का, हे सगळं सांगा. ते बहुधा जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली दहा प्रश्नांची चाचणी घेतील. तिला ऑडिट म्हणतात. आठ किंवा जास्त गुण आले तर पिणं धोक्याचं झालं आहे, वीस किंवा जास्त आले तर शरीर अवलंबून असण्याची शक्यता मोठी. तुमचं बोलणं गोपनीय ठेवण्याचा हक्क मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ ने तुम्हाला दिला आहे. दारू आणि ड्रग्जच्या व्यसनाशी जोडलेले मानसिक आजारही त्या कायद्यात येतात.

ब्राऊन शुगर, गांजा, इंजेक्शनवाल्यांना पोलिसांची भीती असते. त्यांनी हे जाणून घ्यावं: १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातलं कलम ६४-अ सांगतं की सेवन केलेला किंवा अल्प प्रमाणात माल जवळ असलेला व्यसनी माणूस सरकारमान्य केंद्रात स्वतःहून उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडला तर ते काढून घेता येतं. आणि या मंडळींच्या घरच्यांसाठी एक इशारा. काही आठवडे बंद ठेवून पुन्हा जुन्याच मापाने घेतलं, तर सवय मोडलेल्या शरीराला ते माप झेपत नाही. बरेच जीव सुटल्यानंतरच्या पहिल्या चुकीत जातात.

फोनमध्ये आजच भरून ठेवायचे नंबर

टेलिमानस: १४४१६. केंद्र सरकारची मोफत मानसिक आरोग्य सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाईन: १४४४६. तंबाखू, खर्रा, बिडीसाठी: १८००-११-२३५६.

नंबर भिंतीवर लिहून उपयोग नाही. तलफ आली की भिंत दिसत नाही. फोनमध्ये “अ” ने सुरू होणाऱ्या नावाने भरा, यादीत सगळ्यात वर येतील. माझ्याकडे आजही “अअ मदत” म्हणून भरलेलं आहे.

गोळी उतरवते, माणूस टिकवतो

पहिले दहा दिवस डॉक्टरचे. त्यानंतरचं सगळं आयुष्य माणसांचं. आणि इथे माझं मत ठाम आहे: न पिणारा माणूस कितीही प्रेमळ असो, संध्याकाळी सातचा माणूस तो होऊ शकत नाही. माझ्या भावाने माझ्यासाठी जीव टाकला, पण तो विचारायचा, “दादा, एवढं काय आहे त्यात?” या प्रश्नाला उत्तर नाही. ज्याला हा प्रश्न पडत नाही, असा माणूस शोधावा लागतो.

ही गोष्ट जगाला कळली तीही एका फोनमुळेच. मे १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात न्यूयॉर्कहून आलेला एक शेअर दलाल हॉटेलच्या लॉबीत एकटाच उभा होता. काही महिने त्याने दारू सोडलेली होती. त्या दिवशी धंद्याचं काम फसलं होतं. एका बाजूला बारमधला हसण्या-बोलण्याचा आवाज, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. तो टेलिफोनकडे गेला आणि गावातल्या एका पाद्रीला विचारलं, इथे कुणी दारूडा आहे का, ज्याच्याशी मी बोलू शकेन? असं करत करत त्याची गाठ एका सर्जनशी पडली. तोही पिणारा. त्या डॉक्टरचा शेवटचा घोट १० जून १९३५ चा धरतात, आणि तोच दिवस अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा, म्हणजे आपण ज्याला एए म्हणतो त्या संघटनेचा, स्थापना दिन. मला यात आवडतं ते हे की दलाल स्वतःला वाचवण्यासाठी दुसरा दारूडा शोधत होता. उपकार करायला निघाला नव्हता.

नागपुरातही एएचे ग्रुप आहेत. मीटिंगची जागा आणि वेळ बदलत असते, म्हणून रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातल्या समाजसेवकाला विचारा. फी नसते. शेवटी एक थैली फिरते, टाकायचे तर टाका, नाही तर पुढे सरकवा. पात्रता एकच: पिणं थांबवायची इच्छा. आडनाव कुणी विचारत नाही. ओपन मीटिंगला घरचे येऊ शकतात, क्लोज्ड मीटिंग फक्त पिणाऱ्यांची.

पहिल्या मीटिंगला काय होतं ते सांगतो, म्हणजे भीती कमी होईल. प्लास्टिकच्या पंधरा-वीस खुर्च्या, भिंतीवर एएच्या बारा पायऱ्यांचा, म्हणजे दारूतून सुटायच्या टप्प्यांचा, फलक, एका टेबलावर चहाचा थर्मास. एक जण उठतो, नाव सांगतो, “मी अल्कोहोलिक” म्हणतो आणि आपली गोष्ट सांगतो. कुणी मधे बोलत नाही, कुणी सल्ला देत नाही. माझ्या पहिल्या दिवशी एका रेल्वेतून निवृत्त झालेल्या काकांनी सांगितलं की ते बाटली घरातल्या तांदळाच्या कोठीत लपवायचे आणि तांदूळ निवडायला बायको बसली की त्यांच्या पोटात गोळा यायचा. मी माझी बाटली कूलरच्या टाकीत लपवत असे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं की हे फक्त माझं नव्हतं.

एका मीटिंगवरून मत बनवू नका. सहा बसा, दोन-तीन वेगवेगळ्या ग्रुपमध्ये. एखाद्या ठिकाणी प्रार्थना जास्त वाटेल, एखाद्या ठिकाणी माणसं आपल्यासारखी वाटणार नाहीत. देव मानत नसाल तरी बसता येतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ज्याची गोष्ट तुमच्या गोष्टीजवळची वाटली त्याला बाजूला घेऊन म्हणा, “दादा, तुमचा नंबर देता का? संध्याकाळी फोन केला तर चालेल?” हे वाक्य मला तोंडातून काढायला तीन मीटिंगा लागल्या. अशा माणसाला तिथे स्पॉन्सर म्हणतात. तो किमान वर्षभर कोरडा असावा. तो पुरुषाला पुरुष आणि बाईला बाई असावी, हा जुना संकेत पाळावा.

एए हा एकच रस्ता नाही. पुण्याचं मुक्तांगण, डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी २९ ऑगस्ट १९८६ ला पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीने सुरू केलेलं, तिथेही विदर्भातले पेशंट जातात. ज्यांना महिनाभर घरापासून दूर राहिल्याशिवाय जमणार नाही त्यांना असं निवासी केंद्र बरं. पण परत येणार आहोत ते त्याच चौकात, म्हणून इथला सातचा माणूस तिकडे जायच्या आधीच ठरवून जा.

सातची सोय: कागद घ्या आणि लिहा

तुमची वेळ सात नसेल. कुणाची सकाळी दहाची असते, रात्रपाळीवाल्यांची सहाची. एका कागदावर मागचे सात दिवस आठवून लिहा: पहिला घोट किती वाजता, कुठून घेतली, खिशात पैसे कुठून आले, सोबत कोण, त्याआधी जेवण कधी झालं होतं. पाच रकाने. सात ओळी भरल्या की वेळ आणि रस्ता आपोआप दिसतो.

माझ्या कागदावर तीन गोष्टी निघाल्या. एक, मी दुपारी एकला डबा खाऊन पावणेसातपर्यंत उपाशी असायचो. दोन, मी रोज एकाच जागी उतरायचो. तीन, पाकिटात पाचशेच्या वर असले की हमखास. मग अशी सोय केली: सहाच्या आत दोन केळी नाहीतर मूठभर फुटाणे-गूळ, बसमधेच. उतरायचं एक थांबा आधी, चालत दुसऱ्या गल्लीने. पगार बायकोच्या खात्यात, माझ्या खिशात रोजचे शंभर, आणि मोबाईलवरचं पैसे भरायचं अ‍ॅप सहा महिन्यांसाठी काढून टाकलं. लाज वाटली, पण टिकलो.

आणि फोन. बसमधून उतरण्याआधी स्पॉन्सरला (मी त्याला दादाच म्हणतो) फोन लावायचा, पिण्याच्या आधी लावायचा. पहिल्या महिन्यातलं एक बोलणं मला शब्द न् शब्द आठवतं. त्या दिवशी मी सवयीने जुन्याच चौकात उतरलो होतो.

“कुठं आहेस?”
“चौकात, दादा. उतरलो बसमधून.”
“तोंड कोणीकडे आहे?”
“... दुकानाकडे.”
“पाठ फिरव पहिले. फिरवली? आता चालत राय. दुपारी डब्यात काय होतं?”
“वांग्याची भाजी.”
“झणझणीत होती का फिकी?”

वांग्यावर बोलत बोलत मी घरी पोचलो. उपदेशाचा एक शब्द नव्हता त्यात. तलफेची लाट बहुतेक वेळा पंधरा ते तीस मिनिटांत ओसरते, आणि तेवढा वेळ कुणीतरी वांग्यावर बोललं तरी पुरतं.

एका नंबरवर विसंबू नका, तीन ठेवा. माणूस झोपलेला असतो, ड्युटीवर असतो.

फोन झाल्यावरचा तासही भरायला लागतो. आपल्याकडे यासाठी जुन्या सोयी आहेत, त्या विसरू नका. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या श्रीगुरुदेव सेवा मंडळांची सामुदायिक प्रार्थना संध्याकाळचीच असते. बुद्धविहारांत संध्याकाळी वंदना होते. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, आणि माझ्या ओळखीतल्या दोघांनी दसऱ्याला तिथे उभं राहूनच सोडली. त्यातला एक टिकला, कारण दुसऱ्या दिवसापासून तो विहारात सतरंज्या घालायच्या कामाला लागला. आखाडा, भजन, अंबाझरीला चालणं, मुलांचा अभ्यास, काहीही चालेल. घरी टीव्हीसमोर एकटं बसणं चालत नाही. फुटाळ्यावर जुनी मैफल जमत असेल तर एक वर्ष फुटाळा बंद.

वर्षाचे काही दिवस आधीच पंचांगात खूण करून ठेवा. पगाराचा दिवस, धुळवड, ३१ डिसेंबर, लग्नाची वरात, जवळच्याची मयत. आणि आपल्याकडे विशेष म्हणजे पोळ्याची कर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या कितीतरी वस्त्यांत मटण आणि दारूशिवाय चूल पेटत नाही. मी त्या दिवशी पोरीला घेऊन मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जावी म्हणून काढतात त्या पुतळ्यांची मिरवणूक, पाहायला जातो. “घेऊन जा गे मारबत” म्हणून सगळे ओरडतात तेव्हा मीही ओरडतो, मनापासून. संध्याकाळची मीटिंग त्या दिवशी चुकवत नाही.

वही

बोलता न येणाऱ्यांसाठी, आणि बोलणाऱ्यांसाठीही. दोनशे पानांची साधी वही घ्या. रोज चार गोष्टी: वेळ, जागा, काय झालं, तलफ दहापैकी किती. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे: “मंगळवार. ६.५०. पानठेल्याजवळ. पगाराचा मेसेज आला. ८. दादाला फोन, उचलला नाही. दुसऱ्याला लावला. ७.२० ला ३.” दोन महिन्यांनी मागे उलटून पाहिलं तर कळलं की आठच्या वरचे आकडे बहुतेक चार परिस्थितींत येतात: भूक, राग, एकटेपणा, थकवा. आता आकडा चढला की मी आधी यातलं काय आहे ते बघतो. दहातल्या पाच वेळा नुसतं जेवून भागतं.

तीन-चार महिन्यांनी, मन थोडं स्थिर झालं की, आपली पूर्ण गोष्ट लिहायला घ्या. पहिला घोट कुणासोबत, कधी हातातून गेलं, कुणाचं काय नुकसान केलं. १९८६ मध्ये जेम्स पेनबेकर या मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना रोज पंधरा मिनिटं, सलग चार दिवस, मनाला लागलेल्या प्रसंगांबद्दल लिहायला सांगितलं होतं. लिहिताना त्यांना त्रास झाला, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. तेवढंच माप धरा: पंधरा मिनिटं, मग वही बंद. एकट्याने रात्री लिहीत बसून स्वतःला रक्तबंबाळ करायचं नाही. लिहिलेलं एका माणसाला वाचून दाखवा, ज्याची स्वतःची अशी गोष्ट आहे. दुसऱ्यांना दाखवायचं ठरवलं तर बायको-मुलांची, मित्रांची नावं आणि ओळख पटेल असं काही काढून टाका. गोष्ट तुमची असली तरी अब्रू त्यांचीही त्यात असते.

खर्रा

दारू सुटल्यावर मी दिवसाला आठ पुड्यांवर गेलो. ठेल्यावर पन्नी घोटण्याचा तो चरचर आवाज ऐकला की पाय थांबायचे. सुपारी, तंबाखू, चुना, आणि समोर उभे सगळे ओळखीचे. ठेला म्हणजे आपली बैठकच, म्हणून तो दारूपेक्षाही अवघड. आरशासमोर तोंड पूर्ण उघडा आणि आपलीच तीन बोटं उभी घालून बघा. जात नसतील, तिखट लागून जळजळत असेल, गालाच्या आत पांढरे पट्टे असतील, तर त्याच आठवड्यात शासकीय दंत महाविद्यालयात जा. सुपारीने तोंडाची कातडी आखडत जाते आणि हा कर्करोगाच्या आधीचा टप्पा असू शकतो.

निकोटिनचा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त असतो, दोन ते चार आठवड्यांत उतरतो. निकोटिनचा गम मिळतो, पण खर्ऱ्यासारखा चघळत राहिलात तर नुसती उचकी लागेल. चार-पाच वेळा चावायचा, तोंडात झणझण आली की गालात दाबून ठेवायचा, झणझण गेली की पुन्हा चावायचा. आधीची पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत चहा-कॉफी नाही. दारू आणि खर्रा एकदम सोडायचं की एकामागून एक, ते डॉक्टरशी बोलून ठरवा. मी नंतर सोडला. एकदम सोडला असता तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

घरच्यांसाठी

भिंतींवर जाहिराती असतात: न सांगता दारू सोडवा. वरणात, चहात पावडर मिसळून द्या. कृपा करून हे करू नका. अशा पुड्यांत काय असतं ते कुणालाच माहीत नसतं. आणि डायसल्फिराम नावाची गोळी, जी डॉक्टर पेशंटला सांगून, त्याची संमती घेऊन देतात, ती कुणी चोरून दिली आणि वरून तो प्याला, तर चेहरा लाल होऊन धडधड, उलट्या, रक्तदाब एकदम खाली, आणि जीवही जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. तलफ कमी करणारी दुसरी औषधंही आहेत, नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट. त्यांच्याबद्दल डॉक्टरला उघड विचारा.

केंद्रात भरती करायचं तर आधी स्वतः जाऊन बघा. कायद्याखालची नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात, गोळ्या कोण देतं, घरच्यांना कधी भेटू देतात, सुटल्यावर फॉलोअप कसा होतो. स्वयंपाकघर आणि संडास दाखवायला सांगा. नाही म्हणाले तर परत या. माझ्या ओळखीच्या एका पोराला एका केंद्राने रात्री गाडीत कोंबून नेलं होतं, तिथे पाय साखळीने बांधला होता. तो पळून आला आणि त्यानंतर दोन वर्षं त्याने कुठल्याही डॉक्टरचं तोंड पाहिलं नाही. २०१७ च्या कायद्याचं कलम ९५ साखळीने बांधायला सरळ मनाई करतं. असं दिसलं तर तक्रार करा.

आणि स्वतःसाठीही आधार शोधा. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या मीटिंगा असतात. माझी बायको जायला लागली तेव्हा तिने खिसे तपासणं, तोंडाचा वास घेणं सोडलं. मी आलो की ती फक्त विचारायची, “जेवता का?” आणि एकदा म्हणाली, “अहो, तुम्ही प्यालात तर मी पोरीला घेऊन माहेरी जाईन. भांडणार नाही.” तिचा आवाज चढला नव्हता. मी ते कधीच विसरलो नाही.

पाय घसरला तर

माझा घसरला, पाचव्या महिन्यात, मावसभावाच्या लग्नात. एक घेतली, मग तीन दिवस. हा प्रसंग अनेकांवर येतो, म्हणून त्याचीही सोय आधी लिहून ठेवा. त्याच दिवशी कुणाला कळवायचं? मी तीन दिवस लाजेने फोन बंद ठेवला, ती खरी चूक. तीन-चार दिवस सलग प्यायलात तर पुन्हा एकदम बंद करू नका, पुन्हा डॉक्टर, कारण झटक्याचा धोका परत आलेला असतो. मग वही उघडा आणि लिहा: त्या दिवशी भूक होती की राग, फोन का लावला नाही, कोण सोबत होतं. माझ्या वहीत लिहिलं आहे, “वरातीत दादाला फोन लावायला लाज वाटली.” त्यानंतरच्या प्रत्येक लग्नाला मी सोबत एक एएवाला घेऊन गेलो. मावशीला वाटायचं, हा कुणीतरी कंपनीतला आहे.

जीव नकोसा वाटत असेल तर वही, मीटिंग सगळं बाजूला. त्या क्षणी १४४१६, आणि घरातल्या कुणालातरी उठवून शेजारी बसवा.

नंतर

साधारण वर्षाने तुम्हालाच कुणीतरी नंबर मागेल. द्या. पण आपल्या मर्यादा सांगून द्या: पैसे उसने देणार नाही, प्यायलेला असशील तेव्हा वाद घालणार नाही, प्यायच्या आधी कधीही फोन कर. मी सात वाजता फोन चार्ज करून ठेवतो आणि जेवायला बसत नाही. परवा एका नव्या मुलाचा आला. पार्श्वभूमीला ठेल्याचा आवाज येत होता. मी विचारलं, “तोंड कोणीकडे आहे?”